पोरगं परदेशात, कर्ज मात्र गावात! शैक्षणिक कर्ज परदेशातून कसं फेडायचं? जाणून घ्या सविस्तर माहिती

गुलमंडी (छत्रपती संभाजीनगर) : पैठण, गंगापूर, वैजापूर, कन्नड, सिल्लोड… तालुका कोणताही असो, मुलगा किंवा मुलगी शिकायला परदेशात निघाली की घरच्यांची एक फेरी गुलमंडीत होतेच. मोठ्या बॅगा, थंडीचे कपडे, सोबत द्यायचा चिवडा-लाडवाचा डबा. विमानतळावर फोटो निघतो, गावाच्या ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज पडतात. दोन-तीन वर्षांनी मात्र बँकेचा पहिला हप्ता सुरू होतो आणि त्याचा मेसेज बहुतेक वेळा बापाच्या मोबाइलवर येतो.

अनेक घरांमध्ये असा समज असतो की, कर्ज पोराच्या शिक्षणाचं आहे, तो तिकडून फेडेल, आपला संबंध सहीपुरता. हा समज महागात पडू शकतो. पोरगं अमेरिकेत, जर्मनीत किंवा दुबईत असलं तरी कर्ज त्याच शाखेत, त्याच तारणावर आणि सही करणाऱ्याच्या नावावर उभं असतं. हप्ता चुकला तर बँक आधी गावातल्या घराचं दार वाजवते. म्हणून परदेशात गेलेल्यांनी आणि गावात राहिलेल्यांनी दोघांनीही वाचावी अशी ही माहिती.

कर्ज नेमकं कुणाच्या नावावर असतं?

शैक्षणिक कर्जात विद्यार्थी हा मुख्य कर्जदार असतो. आई, वडील किंवा पालक हे सहकर्जदार असतात. सहकर्जदार म्हणजे नुसता साक्षीदार नव्हे. कर्ज जेवढं पोराचं, तेवढंच सहकर्जदाराचं. काही प्रकरणांत मामा, काका किंवा ओळखीचा नोकरदार माणूस जामीनदार म्हणून घेतला जातो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. म्हणजे 'आधी पोराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या' असं जामीनदाराला सहसा म्हणता येत नाही.

इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेत ४ लाखांच्या वरच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जात खर्चाचा १५ टक्के वाटा घरच्यांनी उभा करायचा असतो. साडेसात लाखांच्या पुढे बहुतेक बँका तारण मागतात. शहरातलं घर, प्लॉट, मुदत ठेव किंवा विमा पॉलिसी असं तारण चालतं. गुलमंडी, औरंगपुरा भागातल्या जुन्या घरांवर बऱ्याचदा भावाभावांची नावं असतात. अशा घराचं तारण दिलं तर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतात आणि कर्ज थकलं तर सगळ्यांचंच घर अडकतं. त्यामुळे हप्त्याची माहिती फक्त बाप-लेकापुरती न राहता सही केलेल्या प्रत्येकाला असायला हवी.

हप्ता कधी सुरू होतो?

कोर्स चालू असताना आणि त्यानंतर काही काळ हप्ता भरावा लागत नाही. याला सवलतीचा काळ किंवा मोरेटोरियम म्हणतात. आदर्श योजनेत हा काळ कोर्स अधिक १ वर्ष असा आहे. मात्र परदेशी शिक्षणाच्या काही खास योजनांमध्ये कोर्स संपल्यावर ६ महिन्यांतच हप्ता सुरू होतो. आपल्या कर्जाला कोणता नियम लागू आहे, हे मंजुरीपत्रात लिहिलेलं असतं. हे पत्र घरात कुठं ठेवलं आहे ते आजच शोधून ठेवा.

लक्षात ठेवायची मुख्य गोष्ट : सवलतीच्या काळात हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं. बँकांच्या योजनेत या काळात साधं व्याज लागतं. हप्ता सुरू होताना ते सगळं व्याज मुद्दलात मिळवलं जातं आणि पुढे त्यावरही व्याज लागतं. आदर्श योजनेनुसार या काळात व्याज वेळच्या वेळी भरत गेल्यास बँक व्याजदरात १ टक्का सूट देऊ शकते. ही सूट आपल्या कर्जाला आहे का, हे शाखेत विचारावं.

दुसरी गोष्ट व्हिसाची. अमेरिकेत शिक्षणानंतर ओपीटीवर साधारण १२ महिने काम करता येतं. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या शाखांना आणखी २४ महिने मिळू शकतात. पण सुरुवातीच्या ओपीटीत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. म्हणजे नोकरी शोधण्याची मुदत आणि हप्ता सुरू होण्याची तारीख जवळजवळ एकाच सुमारास येतात. या दोन्ही तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात.

आकड्यांत समजून घेऊ

समजा, कन्नड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या मुलीने दोन वर्षांच्या कोर्ससाठी २० लाखांचं कर्ज घेतलं. व्याजदर १० टक्के. सवलतीचा काळ एकूण ३ वर्षे. सोयीसाठी पूर्ण रक्कम पहिल्याच दिवशी उचलली असं धरू. प्रत्यक्षात फी टप्प्याटप्प्यानं जाते, त्यामुळे व्याज थोडं कमी होतं.

• ३ वर्षांचं साधं व्याज : ६ लाख रुपये
• हप्ता सुरू होताना कर्ज : २६ लाख रुपये
• १५ वर्षांची मुदत घेतली तर हप्ता : सुमारे २७,९४० रुपये. एकूण भरणा सुमारे ५० लाख २९ हजार
• १० वर्षांची मुदत घेतली तर हप्ता : सुमारे ३४,३६० रुपये. एकूण भरणा सुमारे ४१ लाख २३ हजार

हप्त्यात फरक साडेसहा हजारांच्या आत, पण एकूण भरण्यात फरक ९ लाखांचा!

आता याच मुलीने मुदत १५ वर्षांचीच ठेवली, पण नोकरी लागल्यावर दर महिन्याला १० हजार रुपये जास्तीचे भरले तर कर्ज साधारण साडेआठ वर्षांत संपतं आणि व्याजाचे ११ लाखांहून जास्त रुपये वाचतात. यात एक सोयही आहे. नोकरी गेली तर जास्तीचे १० हजार थांबवता येतात, कारण ठरलेला हप्ता लहानच असतो. म्हणून परदेशातली नोकरी पक्की नसेल तर लांब मुदत घ्यावी आणि जमेल तसं जास्त भरावं, हा मार्ग सुरक्षित.

बदलत्या व्याजदराचं कर्ज म्हणजे फ्लोटिंग रेटचं कर्ज, व्यवसायासाठी नसलेलं आणि व्यक्तीच्या नावावरचं असेल, तर ते मुदतीआधी फेडल्याबद्दल बँक किंवा वित्त कंपनी दंड घेऊ शकत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. जास्तीची रक्कम भरताना मात्र 'ही रक्कम मुद्दलात जमा करा' असं शाखेला लेखी किंवा ईमेलने कळवावं. नाहीतर काही वेळा ती पुढच्या हप्त्यांपोटी आगाऊ म्हणून पडून राहते.

रुपया पडला तर फायदा कुणाचा?

कर्ज रुपयात आणि कमाई डॉलरमध्ये असेल तर रुपया घसरल्यावर हप्ता स्वस्त पडतो. डॉलर ८० रुपयांना असताना ३४ हजारांच्या हप्त्याला ४२५ डॉलर लागतात, ८५ रुपयांना ४०० डॉलर पुरतात. पण काही परदेशी कंपन्या तारण किंवा सहकर्जदार न घेता डॉलरमध्येच कर्ज देतात. पोरगं भारतात परत आलं आणि पगार रुपयात सुरू झाला, तर असं कर्ज फार जड जातं. दोन्ही प्रकारची कर्जे असतील तर परतण्याआधी डॉलरचं कर्ज कमी करून घ्यावं.

आधी कोणतं कर्ज फेडायचं?

कागदावर एकच शैक्षणिक कर्ज दिसतं. घरात मात्र तीन-चार असतात. पंधरा टक्के वाटा भरायला सोनं तारण ठेवलेलं असतं, विमानाच्या तिकिटासाठी पतसंस्थेतून उचललेलं असतं, पाहुण्यांकडून हातउसने घेतलेले असतात. कुठं कुठं सावकाराकडूनही घेतलेले असतात. परदेशातून पहिला पगार आला की बँकेचा ठरलेला हप्ता न चुकवता उरलेली रक्कम या क्रमाने वळवावी :

१. सर्वात जास्त व्याजाचं देणं, म्हणजे बहुतेक वेळा सावकार किंवा पतसंस्था
२. सोनेतारण, कारण मुदत संपली की दागिन्यांचा लिलाव होऊ शकतो
३. वित्त कंपनीचं जास्त दराचं कर्ज
४. बँकेच्या शैक्षणिक कर्जाचं मुद्दल

परवाना नसलेल्या सावकाराचा त्रास असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे किंवा तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात तक्रार करता येते.

परदेशातून पैसे कसे पाठवायचे?

शिकायला परदेशी गेलेला विद्यार्थी परकीय चलन कायद्याच्या म्हणजे फेमाच्या दृष्टीने अनिवासी भारतीय धरला जातो. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २००३ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. भारतात असताना घेतलेलं शैक्षणिक कर्ज पुढे चालू ठेवायला त्याने अडचण येत नाही. बचत खात्याचा प्रकार मात्र बदलून घ्यावा लागतो.

एनआरओ खातं : भारतातलं जुनं बचत खातं या प्रकारात बदलतं. भारतातलं भाडं, ठेवीचं व्याज वगैरे यात येतं. यातल्या व्याजावर कर कापला जातो.

एनआरई खातं : परदेशातली कमाई यात येते. यातल्या व्याजावर भारतात कर नाही आणि पैसे पुन्हा परदेशात नेता येतात. कर्जाचा हप्ता या खात्यातून आपोआप कापून घेण्याची सूचना देणं सगळ्यात सोयीचं.

खात्याचा प्रकार बदलताना खाते क्रमांक बदलला तर जुनी हप्ता-कपातीची मंजुरी, म्हणजे नॅच मँडेट, चालत नाही. ती नव्याने करून द्यावी लागते. पैसे असूनही हप्ता चुकण्याचं हे एक कारण असतं.

पैसे बँकेतून बँकेत पाठवता येतात, आखाती देशांत एक्स्चेंज हाऊसमधून पाठवता येतात किंवा अधिकृत अ‍ॅपमधून. 'फी नाही' अशी जाहिरात असली तरी दरात कपात असू शकते. त्यामुळे हजार डॉलर किंवा हजार दिरहम पाठवल्यावर हातात नेमके किती रुपये पडतात, एवढंच पाहावं. अमेरिकेत १ जानेवारी २०२६ पासून रोख किंवा मनीऑर्डरसारख्या मार्गाने बाहेर पाठवलेल्या पैशांवर १ टक्का कर लागतो. बँक खात्यातून किंवा अमेरिकेत दिलेल्या कार्डावरून पाठवल्यास तो लागत नाही. हवालाच्या वाटेला तर जाऊच नये. तो गुन्हा आहे आणि कर्ज फेडल्याचा पुरावाही राहत नाही.

मुलाने वडिलांच्या खात्यावर पैसे पाठवले तर वडिलांना त्यावर कर लागत नाही, कारण जवळच्या नातेवाइकाकडून आलेली भेट करमुक्त असते. पण वडिलांच्या खात्यात आलेले पैसे खत, बियाणं, लग्नकार्य यांत वळतात आणि हप्ता मागे पडतो, हेही घरोघरी होतं. म्हणून हप्त्याचे पैसे थेट कर्जाशी जोडलेल्या खात्यात पाठवावेत, घरखर्चाचे वेगळे.

आणखी एक छोटी पण कामाची गोष्ट : भारतातलं सिम बंद पडलं की बँकेचा ओटीपी मिळत नाही आणि मेसेजही कळत नाहीत. नंबर चालू ठेवावा. कर्जखात्याला मुलाचा ईमेल आणि सहकर्जदाराचा मोबाइल असे दोन्ही जोडून घ्यावेत.

नोकरी लागली नाही किंवा गेली तर?

इथं बहुतेक घरं एकच चूक करतात, गप्प बसतात. पोरगं घरच्यांना सांगत नाही, 'उगाच काळजी करतील' म्हणून. घरचे बँकेचा फोन उचलत नाहीत, लाजेपोटी. तीन महिने असेच जातात आणि खातं थकीत होतं.

हप्ता चुकण्याआधीच शाखेला लेखी अर्ज द्यावा. अर्जात मागता येण्यासारख्या गोष्टी अशा :

• सवलतीचा काळ वाढवून मिळणे. बेरोजगारीच्या काळात कर्जाच्या मुदतीत दोन-तीन वेळा अशी सवलत देण्याची तरतूद आदर्श योजनेत आहे. देणं-न देणं बँकेच्या हातात असतं
• मुदत वाढवून हप्ता लहान करणे
• सुरुवातीला लहान आणि पुढे वाढत जाणारा हप्ता
• काही महिने फक्त व्याज भरण्याची परवानगी

अर्जासोबत नोकरी गेल्याचं पत्र, नोकरीसाठी केलेल्या अर्जांचे ईमेल, व्हिसाची प्रत जोडावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नये. तोंडी बोलणं साहेब बदलले की संपतं, शिक्क्याची प्रत राहते.

याशिवाय, पहिल्या नोकरीपासूनच निदान चार ते सहा हप्त्यांइतकी रक्कम एनआरई खात्यात वेगळी ठेवली तर नोकरी गेल्यावर गावाकडे हात पसरावा लागत नाही.

हप्ता थकला तर पुढे काय होतं?

१ ते ९० दिवस : खातं 'विशेष लक्ष' यादीत जातं. फोन, मेसेज, पत्र येतात. थकबाकीची नोंद सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांकडे जाते. ही नोंद मुलाच्याच नव्हे, सहकर्जदाराच्या नावावरही पडते. धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचं कर्ज, ट्रॅक्टरचं कर्ज, नवं पीककर्ज मागायला गेल्यावर ती आडवी येऊ शकते.

९० दिवसांनंतर : खातं एनपीए म्हणजे अनुत्पादक होतं.

त्यानंतर : तारण असेल तर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक ६० दिवसांची नोटीस देते. या काळात लेखी आक्षेप घेता येतो आणि बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ६० दिवसांत भरणा झाला नाही तर बँक तारण मालमत्तेचा ताबा घेण्याची कारवाई करू शकते. त्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे म्हणजे डीआरटीकडे दाद मागता येते. डीआरटीचं कार्यालय छत्रपती संभाजीनगरात आहे. लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्याआधी पूर्ण थकबाकी भरली तर मालमत्ता सोडवता येते.

२० लाख किंवा त्याहून जास्त थकबाकी असेल तर बँक वसुलीसाठी डीआरटीत दावा करू शकते, कमी असेल तर दिवाणी न्यायालयात जाते.

शेतजमिनीचं काय? सरफेसी कायद्याच्या कलम ३१ नुसार शेतजमिनीवर या कायद्याखाली कारवाई करता येत नाही. मात्र एनए झालेल्या जमिनीला आणि गावातल्या-शहरातल्या घराला हे संरक्षण नाही. शिवाय न्यायालयातून होणारी वसुली हा वेगळा मार्ग बँकेला खुला असतो. त्यामुळे 'शेती आहे, काही होत नाही' म्हणून निर्धास्त राहू नये.

वसुलीवाल्यांची दमदाटी : रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन करता येत नाही. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान यालाही मनाई आहे. असं झालं तर फोनची वेळ, नंबर लिहून ठेवून आधी बँकेकडे तक्रार करावी.

गावात ऐकू येणाऱ्या गोष्टी आणि खरं काय

'परदेशात गेलं की बँक काही करू शकत नाही.'
चूक. पोराला शोधत बसण्याची बँकेला गरजच नसते. सहकर्जदार, जामीनदार आणि तारण इथंच आहेत.

'कर्ज थकलं की पोलीस पकडतात, पासपोर्ट जप्त होतो.'
नुसतं कर्ज थकणं हा फौजदारी गुन्हा नाही, ती दिवाणी बाब आहे. पण दिलेला चेक वटला नाही तर चलनक्षम दस्तऐवज कायद्याचं कलम १३८ आणि नॅचचा हप्ता पैशाअभावी परत गेला तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ लागू होऊ शकतं. दोन्हींत २ वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. खातं आणि सही वडिलांची असेल तर खटला वडिलांवर होतो, हे विसरू नये.

'बँक विमानतळावर अडवते.'
सरकारी बँकांच्या प्रमुखांना 'लुकआउट सर्क्युलर' काढायला सांगण्याचा दिलेला अधिकार मुंबई उच्च न्यायालयाने २३ एप्रिल २०२४ रोजी रद्द ठरवला. मात्र न्यायालय किंवा डीआरटी स्वतः आदेश देऊन परदेशी जाण्यावर बंधन घालू शकतं. म्हणून डीआरटीची नोटीस आली तर ती कपाटात न ठेवता वकील गाठावा.

'तीन वर्षं भरलं नाही की कर्ज आपोआप मरतं.'
धोकादायक गैरसमज. मधे एखादा हप्ता भरला किंवा लेखी कबुली दिली की मुदत नव्याने मोजली जाते. गहाण मालमत्तेवरच्या वसुलीला तर १२ वर्षांची मुदत आहे. आणि दावा होवो न होवो, सिबिल खराब व्हायचं ते होतंच.

'सरकार शैक्षणिक कर्ज माफ करणार आहे.'
असे मेसेज फिरत असतात. त्यावर विसंबून हप्ता थांबवणाऱ्याचंच नुकसान होतं. 'कर्जमाफीसाठी लिंक भरा' असं सांगणारी लिंक तर उघडूच नये.

कोणत्या सवलती मिळू शकतात?

व्याज परतावा : राज्याच्या इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना आहे. त्यात परदेशी शिक्षणासाठी २० लाखांपर्यंतच्या कर्जावर, वेळेत हप्ते भरणाऱ्यांना, १२ टक्क्यांच्या मर्यादेत व्याज परत मिळतं. कालावधी जास्तीत जास्त ५ वर्षे, कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. अर्ज करण्याआधी महामंडळाच्या जिल्हा कार्यालयातून चालू अटी विचारून घ्याव्यात. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची केंद्राची 'पढो परदेश' व्याज अनुदान योजना मात्र २०२२-२३ पासून बंद आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना देशातल्या निवडक संस्थांसाठी आहे, परदेशी शिक्षणाला ती लागू नाही.

आयकर : कलम ८०ई या नावाने ओळखली जाणारी सवलत शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर मिळते, मुद्दलावर नाही. रकमेला मर्यादा नाही, पण व्याज भरायला सुरुवात केल्यापासून ८ वर्षांपर्यंतच आणि जुनी करप्रणाली निवडली तरच. ती घेता येते कुणाला? ज्याच्या नावावर कर्ज आहे आणि जो आपल्या करपात्र उत्पन्नातून व्याज भरतो त्याला. वडील शिक्षक किंवा नोकरदार असून सहकर्जदार म्हणून हप्ता भरत असतील तर फायदा होतो. फक्त शेतीचं उत्पन्न असेल तर ते करमुक्तच असल्याने इथं वेगळा फायदा नाही.

कर्ज फिटल्यावर ही कामं राहू देऊ नका

शेवटचा हप्ता भरला म्हणजे काम संपलं नाही.

• बँकेकडून 'देणे बाकी नाही' असा दाखला घ्या.
• मालमत्तेची मूळ कागदपत्रे बँकेने ३० दिवसांत परत करायची आहेत. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या आदेशानुसार बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यावी लागते.
• शहरातलं घर असेल तर नगर भूमापन कार्यालयात मालमत्ता पत्रकावरचा, गावातलं घर असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरचा आणि सातबारावर नोंद असेल तर इतर हक्कातला बोजा कमी करून घ्या.
• महिना-दीड महिन्याने सिबिल अहवाल काढून पाहा. वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. कर्ज बंद झालेलं दिसलं पाहिजे. चूक असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.
• तडजोड करून कमी रकमेत कर्ज मिटवलं तर अहवालात 'सेटल्ड' असा शेरा राहतो. पुढे कर्ज घेताना तो अडचणीचा ठरतो. पूर्ण भरणं शक्य असेल तर तडजोडीच्या मागे लागू नये.

मुलगा परदेशात असताना ही कामं वडिलांना करता यावीत म्हणून मुखत्यारपत्र लागतं. ते तिथल्या भारतीय दूतावासात करून घेता येतं. असं पत्र भारतात पोहोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावं लागतं.

तक्रार कुठे करायची?

१. आधी शाखेत आणि बँकेच्या तक्रार विभागात, लेखी.
२. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. ऑनलाइन तक्रार मोफत असते, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.
३. जिल्ह्याची अग्रणी बँक असलेल्या बँक ऑफ महाराष्ट्रच्या जिल्हा अग्रणी व्यवस्थापकांकडेही शाखांबाबतचे प्रश्न मांडता येतात.
४. थकलेलं प्रकरण मिटवायचं असेल तर राष्ट्रीय लोक अदालत हा बिनखर्चाचा मार्ग आहे. तिथला निवाडा दोन्ही बाजूंना बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नसतं, त्यामुळे सही करण्याआधी आकडे नीट वाचावेत. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे नागरिक आणि वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

महिन्यातून एक फोन हिशेबाचा

परदेशातल्या मुलांशी रोज व्हिडिओ कॉल होतो. जेवलास का, थंडी किती आहे, सगळं विचारलं जातं. त्यातला महिन्यातला एक कॉल हिशेबाचा असावा. कर्ज किती उरलं, हप्ता कोणत्या तारखेला गेला, या महिन्यात जास्तीचे किती भरले, या तीन गोष्टी दोन्हीकडच्या वहीत सारख्या असल्या पाहिजेत. तिकडे नोकरीची अडचण असेल तर ती त्या कॉलवर सांगितली जावी आणि इकडे बँकेचं पत्र आलं असेल तर त्याचा फोटो त्याच दिवशी तिकडे जावा.

अडचण वेळेत कळली तर बँकेकडे मुदत मागता येते. ती नव्वदाव्या दिवसानंतर कळली तर उत्तर नोटिशीला द्यावं लागतं, आणि ते गावातल्या सही करणाऱ्यालाच द्यावं लागतं.